समजलं? मंग तूच सांग

मारोतराव वकिलांच्या टेबलावर पेन नसतं. ते त्यांच्या खिशात असतं, आणि पक्षकाराच्या हाती पडायला फार वेळ लागतो. आदिलाबादच्या कोर्टात कागद तेलुगूत नाहीतर इंग्रजीत, आणि आमचे बरेच पक्षकार भैंशाकडचे, मराठी बोलणारे. साहेब सगळा कागद मराठीत समजावतात, मग खुर्चीत रेलून म्हणतात, "समजलं? मंग तूच सांग." सांगता आलं नाही, की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

मी वीस वर्षं त्यांचा मुन्शी आहे. एका म्हातारीने वाटणीपत्र चार वेळा ऐकलं आणि पाचव्यांदा स्वतः सांगता सांगता पुतण्याची चलाखी तिनेच पकडली. मी तोंडात बोट घातलं. साहेब आपला चहा पीत होते.

निवडणुकीला उभे राहिले तेव्हाही तेच. बेज्जूरकडच्या सभेत आश्वासनं देऊन झाली आणि पुढच्या एका म्हाताऱ्याला म्हणाले, "समजलं? मंग तूच सांग." तो उठून शांतपणे म्हणाला, "तुमी निवडून येसान, अन् मंग आमाले दिसणार नाही." कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "याले बराबर समजलं." निवडून आल्यावर पाच वर्षं, दर महिन्याला, ते त्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. आईच्या तेराव्यानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदाच. येताना साहेबांच्या राहत्या घराचं, स्वतःच्या नावे बक्षीसपत्र तयार करून आणलं होतं, तेलुगूत. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रीला निघताना साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि पानापानावर सही केली. एक ओळ वाचली नाही.

संध्याकाळी मुलगा परत गेला. मला राहवलं नाही. "साहेब, वाचलं काऊन नाही?"

"त्याच्यासमोर वाचलं असतं, तर त्याले वाटलं असतं, बापाले भरवसा नाही. आता गेला तो. आता वाच."

मी झेरॉक्स घेऊन सगळं मराठीत वाचून दाखवलं. साहेबांनी मरेपर्यंत त्या घरात राहावं, एवढी एक ओळही त्यात नव्हती. मला भयंकर राग आला होता. त्या रागातच मी म्हणालो, "समजलं, साहेब? मंग तुमीच सांगा."

त्यांनी पेनाचं टोपण नीट बसवलं.

"पोरगा दोन दिवस घरी राह्यला," ते म्हणाले. "दोनी दिवस माह्यासंग जेवला."