राखीव गडी कुंदा मोकाशी

यदुनाथ मोकाशींनी जेवणाच्या टेबलावर फासे टाकले, १९८१ सालच्या आंतरशालेय मुलींच्या खो-खो स्पर्धेतला पहिला गडी बाद झाला, आणि पोस्टाच्या रांगेत उभ्या असलेल्या रंजना दाभाडे निमूटपणे रांगेबाहेर जाऊन भिंतीशी बसल्या.

"काय झालं वहिनी? नंबर आला की तुमचा," पोस्टमास्तर खिडकीतून म्हणाले.

"बाद झाले," रंजनाबाई म्हणाल्या. "डाव संपंस्तवर न्हाई येता यायचं."

पोस्टमास्तर नियम जाणणारे होते. त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

यदुनाथरावांना हा नाद जुना होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते जेवणाच्या टेबलावर क्रिकेटचे जुने मोसम पुन्हा खेळत. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, कार्डावर त्या मोसमातल्या कामगिरीचे आकडे, दोन फासे आणि कुठल्या बेरजेला काय घडतं याचा तक्ता. ते खेळाडू लांब लांब राहणारे, त्यामुळे त्यांच्यावर काय परिणाम होत असेल ते नांदेसरपर्यंत कधी पोचलं नाही. घरात तक्रार अशी नव्हतीच. पानं घ्यायच्या वेळी टेबल मोकळं करून द्यावं, एवढंच त्यांच्या बायकोचं, कुंदाताईंचं म्हणणं असे.

पण क्रिकेटचे मोसम कितीदा खेळायचे? या दिवाळीनंतर त्यांनी पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि गावच्याच शाळेचा १९८१चा मोसम मांडला. नांदेसरच्या मुली त्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या होत्या आणि बोरमाळशी एका गुणाने हरल्या होत्या. यदुनाथरावांनी त्या मोसमाचा एकूण एक सामना सायकलवरून जाऊन पाहिला होता. त्यांना खो-खोची फार आवड होती असं म्हणणं धाडसाचं होईल. त्यांना कुंदाची आवड होती.

संघात दहाच मुली होत्या, नऊ खेळणाऱ्या आणि कुंदा. ती राखीव गडी. कुणाला लागलं तर तिने उतरायचं. आता नांदेसरच्या मुली अशा दणकट की अख्ख्या मोसमात एकीचं साधं खरचटलं नाही. कुंदा गणवेश घालून, दोन वेण्या घट्ट बांधून दर सामन्याला रेषेबाहेर बसली आणि डाव संपला की लिंबाच्या फोडींना मीठ लावून सगळ्यांना वाटत राहिली. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, ती मुलं आपापल्या गावी गेली, पण ती रेषा काही तिला ओलांडायला मिळाली नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मात्र दूरदर्शनवर खो-खो लागला की ती उठून आत जाई, हे यदुनाथरावांनी पाहिलेलं होतं.

त्या संघातल्या बहुतेक मुली गावातच दिलेल्या होत्या. जिल्ह्यात पहिली-दुसरी येणारी मुलगी लांब द्यायला बाप घाबरत, पळून आली तर धरणार कोण! त्यामुळे मोसम सुरू झाला तसा तो सगळ्या गावात जाणवू लागला. नांदेसरची पाळी पाठलागाची असली की बायका असतील तिथे, एक पूर्वेकडे तोंड करून तर दुसरी पश्चिमेकडे, उकिडव्या बसत. खो मिळाला की उठत, धावत, आणि पुढचीला खो देऊन तिच्या जागी बसत. विजया शिंद्यांना पिठाच्या गिरणीत खो मिळाला आणि त्या दळण तिथेच टाकून बाजारपेठेतून धावल्या. कप्तान हेमलता घाडगे साखरपुड्यात वरमाई म्हणून मिरवत होत्या, त्या ओटी भरता भरता खाली बसल्या. व्याह्यांना वाटलं यांच्याकडची रीत असेल, म्हणून तेही बसले.

दुसऱ्या सामन्यात नांदेसरने चिंचगावला हरवलं, जे १९८१ साली झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिंचगावच्या शाळेच्या कपाटातली ढाल नांदेसरच्या शाळेच्या कपाटात सापडली. मुख्याध्यापकांनी ती पुसून घेतली.

कुंदाताईंच्या बाबतीत घडे ते एवढंच, की टेबलावरचा डाव संपला की त्यांच्या हातात ताटली असे आणि ताटलीत मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी. आपण लिंबं कधी चिरली हे त्यांना आठवत नसे. मग त्या ताटली घेऊन घरोघर जात. बायका घामाघूम, दम लागलेल्या, गुडघे चोळत बसलेल्या असत आणि आनंदाने नुसत्या फुललेल्या असत. "कुंदे, काय सुटले गं मी आज!" असं एकेक जण सांगे. कुंदाताई हसून ऐकत आणि रिकामी ताटली घेऊन परत येत.

एका सकाळी बायकांचं शिष्टमंडळ मोकाशींकडे आलं. पुढे हेमलताबाई होत्या.

"यदुभावजी, खेळ बंद करा असं आमचं म्हणणं नाही," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पण वेळ आधी कळवा. दूध उतू जातं, मीटिंगा मोडतात."

"आन् बेस्तरवारी ठिवू नका," रंजनाबाई म्हणाल्या. "माझा उपास असतोय. गेल्या टायमाला पाक डोळ्यापुढं अंधारी आली."

मागण्या रास्त होत्या. यदुनाथरावांनी मोसमाचं वेळापत्रक केलं आणि ग्रामपंचायतीने ते आपल्या फळ्यावर लावलं. अंतिम सामना रविवारी संध्याकाळी ठरला. त्या दिवशी सगळ्यांनी विखरून न बसता मोकाशींच्या घरासमोरच्या बोळातच बसावं असंही ठरलं. बोळाच्या दोन्ही टोकांना विजेचे खांब होतेच.

उठता उठता हेमलताबाई रेंगाळल्या. कुंदाताई चहाचे कप घेऊन आत गेल्याचं पाहून त्यांनी आवाज खाली घेतला.

"भावजी, एक करा. अंतिम सामन्यात मला जायबंदी करा. पोरीला एकदा उतरू द्या. माझा गुडघा नाहीतरी गेलेलाच आहे."

"तुमचा आत्ताचा गुडघा गेलाय," यदुनाथराव म्हणाले. "१९८१चा ठणठणीत होता. मी स्वतः पाहिलाय."

"म्हणजे जमायचं नाही?"

"दुखापतीला फाशांवर एक-एक पडलं पाहिजे. मी मनाने घातलं तर तो मोसम राहणार नाही हो, पोरखेळ होईल."

"कसला मेला कडक माणूस!" हेमलताबाई म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

यदुनाथरावांना वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाईट वाटलं. फासे टाकताना दर वेळी ते मनातल्या मनात एक-एक मागत आलेले होते. ते एकदाच पडलं होतं, तेही चिंचगावच्या मुलीवर, आणि ती बिचारी मुलगी, म्हणजे आताची एक आजी, अजून लंगडत होती. पण फासे खोटे टाकून बायकोला खूश करायचं, हे काही त्यांना जमण्यातलं नव्हतं. आणि कुंदाताईंना ते चाललंही नसतं.

रविवारी बोरमाळच्या नऊ जणी टेम्पोने आल्या. त्यांच्या कप्तान शालन खराडे यांनी आधी फासे मागून घेतले, हातावर वजन करून पाहिले, टेबल डुगडुगतं का ते पाहिलं आणि मगच बोळात गेल्या. टेबल खिडकीशी ओढलेलं होतं. नांदेसरच्या बायका दोन खांबांच्या मधोमध ओळीने बसल्या. कुंदाताई गटाराच्या कडेला, चुन्याच्या रेषेबाहेर, पायरीवर बसल्या. साडी नीट खोचलेली होती. केसांच्या त्यांनी दोन वेण्या घातल्या होत्या.

सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव नांदेसरच्या पाठलागाचा होता. बोरमाळ एका गुणाने पुढे, त्यांची एकटी शालन पळायची उरलेली, आणि यदुनाथरावांच्या हिशेबाने वेळ उरली होती ती दोनदा फासे टाकण्यापुरती. म्हणजे १९८१ सालचंच सगळं पुन्हा होत आलं होतं.

त्यांनी फासे टाकले. एक फासा लगेच थांबला. दुसरा पाण्याच्या तांब्याला आपटून फिरला, फिरला आणि बसला.

एक-एक.

"लागलं!" हेमलताबाई बोळात ओरडल्या. त्या जागच्या हलल्याही नव्हत्या, पण घोटा चांगला सुजला होता. "कुंदे, मला लागलं गं! अगं, ऊठ! किती छान लागलंय!"

कुंदाताई उठल्या. त्यांनी चुन्याची रेषा ओलांडली आणि हेमलताबाईंच्या चौकोनात, भिंतीकडे तोंड करून बसल्या. रंजनाबाई मागून धापा टाकत आल्या आणि त्यांनी कुंदाताईंच्या पाठीवर असा हात हाणला की तो पार खिडकीत ऐकू आला.

"खो!"

यदुनाथरावांनी कुंदाचं कार्ड उचललं आणि ते तसेच बसून राहिले. कार्ड कोरं होतं. वर नाव होतं, खाली काही नव्हतं. एकही सामना न खेळलेल्या मुलीचे आकडे आणायचे कुठून?

"टाका की हो फासे!" बाहेरून आरडाओरडा झाला.

यदुनाथरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फासे लागू होत नाहीत," त्यांनी जाहीर केलं. "कार्डावर आकडेच नाहीत. कुंदा, तुझ्या खेळाचं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी तुला कधी खेळताना पाहिलंच नाही."

कुंदाताई खांद्यावरून वळून म्हणाल्या, "मग बघा आता."

आणि सुटल्या.

"अहो, म्हणजे मला आता माझं मीच पळायचं?" शालनबाईंनी विचारलं.

"फाशांशिवाय तसंच करावं लागेल," यदुनाथराव म्हणाले, पण तोवर शालनबाई निघालेल्या होत्या.

मोसम टेबलावरचा, त्याची वेळही फाशांची. फासे थांबले तशी वेळ थांबली. उन्हं पाण्याच्या टाकीवर टेकली होती, ती तिथेच राहिली. संध्याकाळची एस.टी. आली नाही आणि कुणी चौकशीही केली नाही. त्या थांबलेल्या वेळात साठी ओलांडलेल्या दोन बायका दोन खांबांच्या मधे धावत होत्या. शालनबाई बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे निसटत. कुंदाताईंना तसं करायला नियमाने बंदी. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जायचं, खांबाला वळसा घालूनच परतायचं. त्या तशाच जात, तशाच परतत. पहिल्या फेरीला त्यांच्या चपला गेल्या. मग चष्मा गेला, तो कुणीतरी झेलला. तिसऱ्या फेरीला त्या हसायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत.

"खो दे गं! विजी ताजीतवानी बसलीय, तिला खो दे!" हेमलताबाई घोटा धरून ओरडत होत्या.

"नाही देत जा!" कुंदाताई धावता धावता ओरडल्या. "इतकी वर्षं बसले होते, आता नाही देत!"

यदुनाथराव खिडकीत उभे होते. त्यांच्या हातात कार्ड आणि पेन्सिल होती. त्यांनी कार्डावर 'वेग' असं लिहून पुढे एक आकडा घातला, खोडला, त्याहून मोठा आकडा लिहिला, तोही खोडला. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे आकडे नीट दिसतही नव्हते. सायकलवरून हिंडून अख्खा मोसम पाहिला, आणि बघण्यासारखं होतं ते हे होतं.

शालनबाई पूर्वेच्या खांबाशी आल्या आणि क्षणभर दम घ्यायला टेकल्या. कुंदाताईंनी ते पाहिलं. त्यांनी एका हाताने खांब धरला, अख्खं अंग पलीकडे झोकून दिलं आणि दुसऱ्या हाताची बोटं लांब, लांब केली. ती शालनबाईंच्या कोपराला लागली आणि कुंदाताई खाली पडल्या.

"बाद," शालनबाई स्वतःच म्हणाल्या. मग त्यांनी खाली वाकून कुंदाताईंना उठवलं. "बाई, तुम्ही ८१ साली होतात कुठं?"

"लिंबं कापत होते," कुंदाताई म्हणाल्या.

यदुनाथरावांनी शेवटचे एकदा फासे टाकले. काहीच घडलं नाही आणि सामना संपला. उन्हं टाकीवरून खाली उतरली. बोळाच्या तोंडाशी एस.टी. येऊन उभी राहिली आणि कंडक्टर हातात एक मोठा चषक घेऊन उतरला.

"हा मधल्या फाट्यावर उभा होता," तो म्हणाला. "नांदेसरहून जेवढा लांब, तेवढाच बोरमाळहून. कुणाचा?"

"बरोबरी झालीय," यदुनाथरावांनी खिडकीतून सांगितलं. "नियमाप्रमाणे जादा डाव पुढच्या रविवारी."

"मग असू दे तो फाट्यावरच रविवारपर्यंत," शालनबाई म्हणाल्या, आणि कंडक्टर तो परत गाडीत ठेवायला गेला.

"जादा डावात हेमाच्या जागी कोण?" रंजनाबाईंनी विचारलं.

हेमलताबाईंनी आपला घोटा निरखून पाहिला. "हा काही महिनाभर बरा होत नाही," त्या समाधानाने म्हणाल्या.

कुंदाताई चौकोनात बसून होत्या. कोपर खरचटलं होतं, दोन्ही वेण्या सुटल्या होत्या. सवयीने त्यांनी हाताकडे पाहिलं. हातात ताटली नव्हती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पायरीवरही नव्हती.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. यदुनाथराव उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या हातात ताटली होती, ताटलीत मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी होत्या, आणि आपण लिंबं कधी चिरली हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. ते चुन्याच्या रेषेपर्यंत आले, रेषेबाहेरच थांबले आणि त्यांनी पहिली फोड कुंदाताईंपुढे धरली.