रानमोडीची राखण

पोलादपूरच्या वर डोंगरावर येसाजीची वाडी. तिथल्या माळावर रानमोडीचं तण इतकं माजलं की खालचं गवत मेलं आणि गुरं उपाशी परत यायला लागली. वनखात्याच्या नूतन मॅडमनी सांगितलं, रानमोडी उपटून ढीग लावा, शुक्रवारी मी मोजते. ढीग पुरेसा भरला तर गुरांसाठी पाण्याची टाकी मंजूर. येसाजी वाडीचा पुढारी, त्याने सगळ्या वाडीला आठ दिवस कामाला जुंपलं. ढीग घराएवढा झाला.

शुक्रवारी सकाळी माळावर जाऊन बघतो तर ढिगाच्या जागी चार काटक्या. खाली शेतात त्याची बायको सगुणाबाई निवांत राब भाजत होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, हे दरसालचं काम. एरवी पाल्यासाठी अर्धं रान पालथं घालावं लागे, यंदा तो आयता मिळाला. तिने दोनच भारे नेले होते. पण पुढाऱ्याच्या घरातूनच सुरुवात झाल्यावर वाडी कशाला मागे राहील?

"गो, मॅडम मोजणार होती ती," येसाजी रडवेला झाला.

"मंग राख मोज म्हणावं. हाय तेवढी हाय."

मॅडम आल्या. येसाजीने मान खाली घालून चौदा काळे राब दाखवले. त्या उलट खूश झाल्या. सगळं जळल्यामुळे बी उडालं नाही, ढीग खाली वाहून न्यायचा त्रासही वाचला. टाकी मंजूर. येसाजीच्या जिवात जीव आला. आता पलीकडचा उतारही साफ करा, असं मॅडम म्हणाल्या. पण त्या उताराला बायांनी सकाळीच काट्यांचं कुंपण घातलं होतं.

"ती नाय उपटायची," सगुणाबाई म्हणाली. "पुढल्या सालच्या राबाला राखलीय."

नूतन वाद घालत बसली नाही. उतरताना ती खालच्या वाडीत चहाला थांबली. तिथले राब अजून भाजायचे होते. वरची रानमोडी छान जळते, मुळांना माती असली तर राब सावकाश भाजतो आणि कुंपण तसं कच्चंच आहे, एवढं ती सहज बोलून गेली.

आठवड्याने येसाजी चोरीची तक्रार घेऊन तिच्या ऑफिसात हजर.

"खालच्यांनी सगळी नेली, मॅडम. एक काडी नाय ठेवली."

"मुळासकट?"

"मुळासकट."

नूतनने गंभीर चेहऱ्याने चोरांची नावं विचारली, एकेक नीट लिहून घेतली आणि तो गेल्यावर तो कागद खालच्या वाडीला टाकी मंजूर करायच्या फाइलीत लावला.