मशीन विचार करून राह्यली

लहानुभाऊंच्या नाक्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर दोन्ही हात पदरात गुंडाळून जावं लागायचं. "बांगड्या किणकिणल्या का मशीन बिचकते, बाई," ते बजावत. आणि मी, गल्लीत चार बायांना शहाणपण शिकवणारी, गठुड्यासारखी खुर्चीवर बसून राहायची. एकदा खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात कोंबला. वाटलं, आपल्यापायी सरकारी मशीन बिघडायला नको.

नाका आमच्या कुरखेड्याकडून छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावर होता. डिंक, चारोळी, बांबूच्या टोपल्या, जंगलातलं काहीही सीमेपलीकडे न्यायचं किंवा अलीकडे आणायचं तर तिथं चिठ्ठी घ्यावी लागे. माझी वनिता पलीकडे दिलेली. रिकाम्या हातानं लेकीकडे जायची सवय नाही, म्हणून दर खेपेला माझी चिठ्ठी असायचीच. लहानुभाऊ तिथले नाकेदार. नावानं लहानु, पण दारातून अंग तिरकं करून आत शिरत.

कॉम्प्युटर यायच्या आधी सगळं हातानं चाले. पोतं न् पोतं उघडायचं, चार चार प्रती लिहायच्या. गाड्यांची रांग लागे. बाया झाडाखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करत आणि वाटीभर भाजी भाऊंना नेऊन देत. भाऊ एकटा जीव, त्यांच्या ताटात घरोघरच्या भाज्या असायच्या. पण एकदा एक पोटुशी बाई उन्हात भोवळ येऊन पडली. तेव्हापासून भाऊ वरच्या साहेबांच्या मागेच लागले, मशीन द्या. शेवटी साहेब वैतागले आणि मशीन आली.

भाऊंनी तिला फुलाफुलाचं झाकण शिवलं. रोज सकाळी उदबत्ती. आम्ही म्हटलं, चला, आता लवकर सुटका. कशाची! बटणं दाबून भाऊ हाताची घडी घालून बसत.

"झालं का भाऊ?"

"मशीन विचार करून राह्यली."

मग मशीनचा विचार होईस्तोवर गप्पा. धान कसं आलं, जावई पितो का, कुरखेड्याच्या बाजारात वांगी काय भाव. एकदा मी डिंकाचे लाडू नेत होते. भाऊंनी एक लाडू उजेडात धरला.

"बाई, डिंक जंगलचा. पन लाडू घरचा. आता मशीनले काय सांगू?"

"अर्धा जंगलचा लिहा ना," मी म्हटलं. तेही अगदी मनापासून! भाऊंनी तपासणी म्हणून दोन खाल्ले, मशीननं आणखी विचार केला, आणि मी लेकीकडे पोचले ते दिवेलागणीला.

मग वनिताचे दिवस भरले. सकाळी शेजारच्या फोनवर जावयाचा निरोप आला, कळा सुरू झाल्या, पोर आईचं नाव घेऊन रडून राह्यली. घरातला डिंक हाती लागला तेवढा घेऊन मी जीपमध्ये बसले. वाटेत देवाचा धावा नाही केला, मशीनचा केला. बाई गं, आजच्या दिवस विचार नको करू.

नाक्यावर उतरले तर भाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"वनिता?"

मी मान हलवली. भाऊंनी एक बटण दाबलं. कर्रकर्र करत चिठ्ठी बाहेर. मी खुर्चीला टेकलेही नव्हते.

"पळा, बाई!"

जीप सुटली. मी डोळे पुसत ड्रायव्हरला म्हटलं, "पाहा, मशीनलेही माया असते."

ड्रायव्हर हसला. "बाई, मशीनले मिनिटभर लागते. बाकीचा विचार लहानुभाऊच करते. तुमाले मालूम नाई? आमी तं तेवढ्यात झोप काढून घेतो."

अख्खी जीप फिदीफिदी हसली. सगळ्यांना ठाऊक होतं. गठुडं होऊन बसणारी तेवढी मी एकटी.

वेळेत पोचले. नात झाली, वनिता सुखरूप. परतताना मात्र ठरवून आले होते, भाऊंना चांगलं फैलावर घ्यायचं.

आत गेले. मी काही बोलायच्या आतच भाऊंनी चिठ्ठी काढून पुढं धरली. ड्रायव्हरनं सांगितलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर डबा उघडा होता, त्यात कोरडी भाकर आणि मीठ-मिरची.

"झालं, बाई. जा तुमी. घरी वाट पाहून राह्यले असतीन."

माझ्या पोटातला राग कुठच्या कुठं गेला. मी चिठ्ठी कमरेला खोचली, खुर्ची ओढली आणि वनिताच्या सासूनं दिलेलं बांबूच्या कोंबांचं लोणचं त्यांच्या भाकरीवर वाढलं.

बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. लहानुभाऊ उठले, अंग तिरकं करून दारातून बाहेर गेले आणि जीपपुढचा नाक्याचा दांडा खाली करून आले.

"हं, आता सांगा," ते खुर्चीत बसत म्हणाले, "पोरगी कोनावर गेली?"