आधी बंद, मंग चर्चा

बाकी सगळं नंतर, हे आत्ताच सांगते. हातांची हळद अजून निघाली नाहीये, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगला लागून हिराकाकीचं बैठं घर आहे. बदलापूरला, हायवेच्या खालच्या अंगाला. मुलं पांगली, ती एकटीच असते. तिची खोड एकच. संशय आला की बंद करायचं. एकदा जळका वास आला म्हणून तिने आख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. वास निघाला आईच्या फोडणीचा, आणि सेक्रेटरी अडकले लिफ्टमध्ये. बाहेर आल्यावर ते जाम तडकले, तर ही म्हणते, "आधी बंद, मंग चर्चा. आता कर चर्चा."

अजून एक वेड म्हणजे पाणी. एकटी बाई, पण ओटीवर हंडे, कळशा, दोन मोठी पिंपं. रोज कालचं झाडांना ओतणार, ताजं भरणार. वऱ्हाड येतंय का काकी, असं आम्ही चिडवायचो.

तर काल ताईची हळद. सकाळी आचारी आले, आणि तेवढ्यात हायवेवर केमिकलचा टँकर आडवा झाला. ड्रायव्हर वाचला, पण त्यातलं पिवळट पाणी नाल्यातून आमच्या विहिरीकडे यायला लागलं. विहिरीवरचा पंप चालूच होता, टाकी भरत होती. आणि आम्ही? ग्रुपवर व्हिडिओ टाकत होतो. एकजण म्हणाला साबणाचं असेल. दुसरा म्हणाला, सेक्रेटरींना विचारू. बाबा म्हणाले, एवढी माणसं जेवायला येणार, टाकी तर भरू दे. फोन कुणीतरी केलाच असेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

काकी तरातरा आली. पंप बंद केला, व्हॉल्व्ह आवळला, पंपाच्या खोलीला स्वतःचं कुलूप ठोकलं. मग मला म्हणाली, "गो, फायर ब्रिगेडला तू लाव फोन. मना आकडं दिसत नाय."

बाबा भडकले. हळदीच्या दिवशी पाणी तोडतेस म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "टाकीत गेल्यावर काढशील कसा?"

गाड्या आल्या. नाल्यात मातीच्या गोण्या टाकून पाणी अडवलं. पण विहिरीला वास येत होता. तपासणी होईपर्यंत हे पाणी तोंडाला लावू नका, पंप वेळेत बंद केलात ते बरं झालं, असं फायर ब्रिगेडचे साहेब म्हणाले. पाण्याचा टँकर दुसऱ्या दिवशीच मिळणार होता.

काकीने ओटीचं दार उघडलं. "न्या."

ओटीपासून मांडवापर्यंत आम्ही रांग लावली. डाळ, भात, चहा, सगळं तिच्या पाण्यावर झालं. ताईची आंघोळसुद्धा. संध्याकाळी कळशी परत द्यायला गेले तर ओटीवर सगळे हंडे पालथे. म्हटलं, काकी, सगळं संपवलं आम्ही.

"भरलेला घर व्हता ह्यो," ती म्हणाली. "हाताला अजून तवढंच भरायची सवय. रोज झाडांना जातं. आज मानसांनी नेलं."

आज पाण्याचा टँकर आला. बाबांनी पाइप आमच्या टाकीआधी तिच्या ओटीवर नेला आणि तिथेच चहा घेत बसले. पिंप भरून वाहायला लागलं, तरी काकी नळी बंद करायला उठली नाही. चर्चा चालू होती ना.

तुमच्या शेजारी आहे का कुणी असं, ज्याला तुम्ही हसलात आणि मग त्याच्याच घरचं पाणी प्यायलात?