नाना विसरतात

नानांच्या "घेतली" या शब्दाला घरात काडीची किंमत उरली नव्हती. मधुमेहाची एक छोटीशी गोळी, रोज सकाळी नाश्त्याआधी घ्यायची. एकदा, फक्त एकदाच, नाना "घेतली" म्हणाले आणि गोळी वर्तमानपत्राखाली सापडली. झालं. जन्मभर खरं बोललेला माणूस एका गोळीपायी खोटा ठरला. त्यात सूनबाईंनी कुठेतरी वाचलं की उतारवयात मधुमेह मेंदूलाही सोडत नाही, विसर पडायला लागतो. वाचलेलं खरं होतं, पण अर्धंच वाचलेलं खरं फार तापदायक असतं. त्या दिवसापासून घरात एक ठराव झाला आणि तो कुणी बोलून दाखवला नाही. नाना विसरतात.

सकाळी आई, म्हणजे नानांची बायको, पाकिटातली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि गच्चीवर झाडांना पाणी घालायला जायची. ती गेली की सूनबाई यायच्या.

"नाना, गोळी?"

"घेतली."

"कुणी दिली?"

"हिनं."

"आई तर गच्चीवर आहेत."

आई गच्चीवर होती हे खरंच होतं, आणि त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, पण सकाळच्या घाईत एवढा विचार कोण करतो? सूनबाईंनी वारांचे कप्पे असलेली एक डबी आणून ती वेगळ्या पाकिटातून भरली होती. तिच्यात आजच्या वाराची गोळी जशीच्या तशी. असणारच, आई पाकिटातली देत होती. आता सासूला जाऊन "तुम्ही द्यायला विसरलात का" असं विचारायचं म्हणजे आपणहून वादळ अंगावर घ्यायचं. त्यापेक्षा गुपचूप द्यावी आणि मोकळं व्हावं.

मग मुलगा. नानांचं चष्म्याचं दुकान उघडून देऊन मग तो ऑफिसला जायचा. बायकोवर आपला विश्वास नाही असं दिसायला नको, म्हणून त्यानं तिसरं पाकीट दुकानाच्या खणातच ठेवलं होतं, आणि शटर उघडलं की त्यातली एक तो नानांना द्यायचा. तीन माणसं, तीन पाकिटं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं मन राखत होता. असं मन राखणाऱ्या घरात माणूस सुखानं जगणं कठीण.

नाना सुरुवातीला भांडले. मुलगा शांतपणे म्हणाला, "नाना, विसरलेल्या माणसाला आपण विसरलोय हे आठवत नसतं." या वाक्याला जगात उत्तर नाही. नानांनी दोन दिवस शोधलं, मग निमूटपणे गिळायला लागले.

गिळायला लागले आणि खरोखरच विसरायला लागले. अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, स्टुलावर बूड टेकवेना. काउंटरपासून आरशापर्यंत, आरशापासून शटरपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. कोणी फ्रेम दाखवा म्हटलं तरी खेकसायचे. अशाच एका सकाळी त्यांनी मुख्याध्यापिकेचा चष्मा एका रंगाऱ्याला दिला आणि रंगाऱ्याचा मुख्याध्यापिकेला. रंगाऱ्यानं एका भिंतीऐवजी शेजारची रंगवली. मुख्याध्यापिका शाळेच्या शिपायाला तपासणीचे साहेब समजून उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या एका दिवशी नाना जेवायला म्हणून निघाले ते थेट वरच्या मजल्यावर गेले आणि तिथल्या बाईंना, पडदे कोणाला विचारून बदलले, म्हणून झापून आले.

जेवल्यावर मात्र स्वारी ठणठणीत. कुणाचा नंबर किती, कुणाची काच कधी येणार, सगळं तोंडपाठ. यावरून घरच्यांनी निष्कर्ष काढला की नाना सोयीनं विसरतात.

नानांना मात्र एक शोध लागला होता. येरझाऱ्या सुरू झाल्या की एक लिमलेट चघळायचं, दहा-पंधरा मिनिटांत जग जागेवर येतं. का येतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मधुमेही माणसाच्या खिशात लिमलेट म्हणजे घरात बॉम्बच, म्हणून ते चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत लपवत. व्हायचं तेच झालं. एका गिऱ्हाइकानं घरी जाऊन डबी उघडली तर आत चष्मा नाही, पाच लिमलेट. तो परत आला तेव्हा काउंटरवर नेमका मुलगा. मग झडती झाली, सगळ्या डब्या उघडल्या गेल्या, लिमलेट जप्त. "म्हणूनच डोकं चालत नाही," मुलगा म्हणाला. त्यानंतर नानांची अवस्था जी बिघडली ती विचारू नका.

आता दुकानावर आलं. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा कधीपासून गाळा भाड्यानं मागत होता. मुलानं ठरवलं की स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे तपासणी करायची, आणि त्यांनी नको म्हटलं तर शटर कायमचं खाली. नानांना रात्रभर झोप नाही. दुकानात त्यांनी चाळीस वर्षं लोकांना "हे बरं दिसतं की मघाचं?" एवढंच विचारलं होतं, पण ते विचारल्याशिवाय त्यांचा दिवस जात नव्हता.

"दुकान गेलं तर मी दिवसभर करू काय? भिंतीकडे बघत बसू?" त्यांनी आईला विचारलं.

"मी आहे ना बघायला," आई म्हणाली.

तपासणीच्या दिवशी घरात नुसती पळापळ. आईनं गोळी दिली. सूनबाईंनी दिली. दुकान बंद, म्हणून मुलानं पाकीट खिशात आणलं होतं, त्यानं गाडीत दिली. वर तपासणी म्हणजे उपाशीपोटीच असणार असं त्यानंच ठरवलं, डॉक्टरांना न विचारता. नानांना साधा चहासुद्धा मिळाला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते लिफ्टच्या माणसावर, लिफ्ट आडवी का चालवतोस म्हणून चिडले होते.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी तारीख विचारली, नानांनी मुलाची जन्मतारीख सांगितली. त्यांनी एक कार्ड दाखवून त्यावर काय दिसतं विचारलं. नानांनी ते हातातून काढून घेतलं, बाईंच्याच डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "हे बरं दिसतं की मघाचं?" मग बाईंनी कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी एक सुरेख गोल काढला. शेजारी दुसरा काढला. दोन्ही मध्ये जोडले आणि दोन्हीकडे काड्या काढल्या. "नाकावर सैल होत असेल तर सांगा," ते म्हणाले.

मुलानं मान खाली घातली. त्याला दुकानाचं शटर खाली येताना दिसत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला आनंद होत नव्हता.

बाईंचं लक्ष मात्र चित्राकडे नव्हतं. त्या नानांच्या कपाळावरचा घाम आणि थरथरणारा हात बघत होत्या. त्यांनी पटकन बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघितली. पन्नासच्याही खाली. ताबडतोब पेलाभर साखरपाणी आलं. घरच्या तिघांचे डोळे पांढरे झाले, आणि नाना मात्र अमृत मिळाल्यासारखे प्यायले. थोड्या वेळानं त्यांनी खोलीत नजर फिरवली, दुसरा कागद मागितला आणि मुकाट्यानं घड्याळ काढलं. आकडे सगळे जागच्या जागी.

"साखर वाढलेली राहिली की मेंदूला हळूहळू इजा होते," बाई म्हणाल्या, "पण एकदम उतरली की मेंदू उपाशी पडतो. मग माणूस असाच भरकटतो. नाना, गोळ्या किती घेता?"

"रोज तीन."

"एक!" घरचे तिघं एकदम म्हणाले. मग आई म्हणाली, मी देते. सूनबाई म्हणाल्या, मी देते. मुलगा म्हणाला, मी देतो. आणि तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अहो, मग तुम्ही सांगितलं का नाही?" सूनबाई रडवेल्या झाल्या.

"सांगितलं की," नाना म्हणाले. "रोज. तिघांनाही."

मुलानं हळूच नानांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी बजावलं, की आज दिवसभर नानांना इथंच नजरेखाली ठेवायचं, दर थोड्या वेळानं साखर बघायची. उद्यापासून गोळी एकच, जेवण वेळेवर, आणि महिन्याभरानं पुन्हा तपासणी. तोवर दुकानाचं काही ठरवायचं नाही.

"आज नक्की किती गेल्यात?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"तीन," मुलगा म्हणाला.

"चार," नाना जोशात म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं कुणी ऐकत होतं. "हिनं दोनदा दिली. एकदा उठल्यावर, एकदा मी बूट घालताना."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. "बूट घालताना दिली, ती आठवते," ती सावकाश म्हणाली. "उठल्यावर कधी दिली?"

बाईंनी लिहिणं थांबवलं, एक नवा कोरा कागद काढला आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही पण जरा इथं बसता का?"

नानांनी तो कागद बघितला. बाईंसमोरची ती खुर्ची काय असते ते त्यांना आता चांगलंच कळलं होतं. एवढे दिवस ज्यासाठी जीव टाकला ते सगळं हातात आलं होतं, शब्दाला किंमत आली होती, दुकानही जवळजवळ परत मिळालं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"नाही हो, माझंच चुकलं. तीनच असतील. हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही."

"नाना, आत्ता तर तुम्ही..." मुलगा म्हणाला.

"नाही राहत. लिहा तसं. दुकानाचं काय करायचं ते करा."

आईनं आपली पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

"ह्यांचं मनावर घेऊ नका, डॉक्टर," ती म्हणाली. "ह्यांना सगळं आठवतं. विचारा मला काय विचारायचं ते."