बाष्पदुर्ग आणि अकराचं पाणी

शाळेत शिकवायला निघताना नीरजा धारूरकरने नवऱ्याला एकच काम सांगितलं. "अहो, अकराला पाणी येईल. पाऊण तासच असतं. नळ सुरू झाला की मोटर लावा, टाकी भरली की बंद करा."

"एवढंच ना?" विश्वजित म्हणाला. वाळूजच्या कारखान्यात दिवसाला चारशे गिअर तपासणाऱ्या माणसाला एक नळ सांभाळणं काय अवघड? शिवाय आज त्याची सुटी होती.

सोसायटीचं नाव गंगासागर आणि पाणी आठव्या दिवशी. आजूबाजूच्या शेतांत सलग दुसऱ्या वर्षी बाजरी उगवली नव्हती, पण दहा-दहा मजले मात्र जोमात उगवत होते. प्रत्येक इमारतीच्या जाहिरातीत पोहण्याच्या तलावाचं चित्र न चुकता असे.

विश्वजित अंगणातल्या नळाजवळ खुर्ची टाकून बसला आणि पुण्याहून लेकीने पाठवलेली कादंबरी त्याने उघडली. नाव 'बाष्पदुर्ग'. असल्या कादंबऱ्यांना स्टीमपंक म्हणतात, असं सईने फोनवर सांगितलं होतं. म्हणजे इतिहास खराच, फक्त वाफेची यंत्रं तीनशे वर्षं आधी आली असती तर काय झालं असतं, ते. इथे दौलताबादच्या किल्ल्याला वेढा पडला होता, पितळी हत्ती घाट चढत होते आणि येसू नावाचा साधा पाणक्या वाफेच्या यंत्राने गडावर पाणी चढवत होता.

अकराला नळ फुसफुसला. नेमकी तेव्हाच पितळी हत्तींनी तटाखाली वाफ सोडली होती, त्यामुळे विश्वजितला तो आवाज अगदी योग्य जागी आल्यासारखा वाटला.

त्याने मान वर केली तेव्हा साडेबारा वाजले होते. नळ कोरडा. खालची बादली केव्हाच भरून वाहिली होती आणि ते पाणी कोपऱ्यातल्या पपईपर्यंत पोचलं होतं. पुरावा नको म्हणून त्याने भरलेली बादलीही पपईलाच घातली. त्या उन्हाळ्यात सबंध शहरात इतकी सुखी पपई दुसरी नसेल.

"पाणी आलंच नाही," नीरजा घरी आल्यावर तो म्हणाला.

"आलं नाही म्हणजे?" तिने लगेच अध्यक्ष आप्पासाहेबांना फोन लावला. वैजापूरकडची जमीन सांभाळून सोसायटीही सांभाळणारा हा माणूस. त्यांच्या घरी टाकी काठोकाठ भरली होती. पण तक्रार केली तर टँकर मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"आता तुम्ही म्हणता तर आठवलं," ते म्हणाले, "आमच्या इथं बी धार लई बारीक व्हती."

संध्याकाळपर्यंत अठरा घरांना धार बारीक असल्याचं आठवलं. रात्री ग्रुपवर 'पाणी आलंच नाही' असा एकमुखी निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाण्याच्या कार्यालयात धडकले. सगळ्यांत पुढे, पहिला पीडित म्हणून, विश्वजित.

तिथल्या साहेबांनी लाइनमनला बोलावलं. लाइनमन म्हणजे लोखंडी चावीने वस्तीचा व्हॉल्व्ह खोलणारा कडुबा.

"साहेब, म्या अकराला चावी फिरवली. लेकराची आण घेतो!"

"अठरा घरं खोटं बोलतायत का?" साहेब ओरडले. "आजच निलंबनाचा कागद काढतो."

कडुबाचा चेहरा पडला. तो हातातली टोपी चुरगाळत राहिला. विश्वजितला ते बघवेना.

"साहेब, थांबा. पाणी आलं होतं. माझंच लक्ष नव्हतं. मी कादंबरी वाचत होतो."

मग आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धारूरकर, गरिबाची नोकरी वाचवायला निघालात, मन मोठं हाय तुमचं. पण पाऊण तास कादंबरी? कायतरी पटंल असं सांगा की राव! आमच्या घरात पेपर बी राशिभविष्यापुरता उघडत्यात."

"मोबाइल बघत होतो म्हणाला असतात तर मी मानलं असतं," साहेब म्हणाले.

"खरंच वाचत होतो! चारशे पानांचं पुस्तक आहे!"

"चारशे?" मागून कुणीतरी हसलं. "अहो, थाप तरी शंभराची मारा!"

अखेर तक्रारदाराच्या उदार अंतःकरणाचा मान राखून साहेबांनी निलंबन रद्द केलं, सोसायटीला दोन टँकर मंजूर केले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीरजा तेवढी वाजवत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं खरं वाटलं होतं.

बाहेर कडुबाने विश्वजितला गाठलं. "साहेब, माझी भाकरी जायला लागली व्हती त्याच्यापायी. हाय तरी काय त्या पुस्तकात?"

विश्वजितने पितळी हत्तींचं सांगितलं, वेढ्याचं सांगितलं. कडुबा नुसता ऐकत होता. पण गडावर पाणी चढवणारा येसू आला तसे त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हंजी हिरो पानीवाला हाय?"

"हो. तोच गड वाचवतो, असं दिसतंय."

"आजपर्यंत कुनी आपल्यावर नाय लिवलं बघा. द्या की मला!"

उरलेली साठ पानं वाचायची होती. पण आपल्यामुळेच या माणसाची नोकरी जाता जाता वाचली होती. विश्वजितने मन घट्ट करून संध्याकाळी त्याला पुस्तक नेऊन दिलं.

आठवडा गेला. पाण्याचा दिवस आला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. या वेळी सगळ्या सोसायटीचे नळ खरोखर कोरडे होते. आप्पासाहेब नुसत्या बंडीवर रस्त्यात उभे राहून फोनवर ओरडत होते, "खरंच नाय आलं हो साहेब! ह्या बारीला खरंच!" पण पलीकडे कुणी मनावर घेत नव्हतं.

विश्वजितने कुणालाच काही सांगितलं नाही. स्कूटर काढून तो वळणावरच्या व्हॉल्व्हपाशी गेला. लिंबाखाली चावी आडवी पडली होती आणि तिच्याशेजारी कडुबा, मांडीवर पुस्तक, बोट ओळीवर.

"कडुबा!" विश्वजित ओरडला. "अहो, साडेअकरा वाजून गेले! लोक रस्त्यावर आलेत!"

कडुबाने मान वर न करता हात केला. "धा मिन्टं थांबा साहेब. येसू बुरजावर चढलाय, अन् खालून त्येंनी बॉयलरला बत्ती दिलीय."

विश्वजितने एकदा चावीकडे बघितलं, एकदा सोसायटीच्या दिशेने बघितलं. मग स्कूटर स्टँडवर लावून तो खाली मातीतच बसला.

"जरा मोठ्याने वाचा," तो म्हणाला.