आमच्या इवायाची घडीची सायकल

पोरगी पाहायले गेलं तं पोरीचा बाप काय करते? हात जोडते, बसा म्हणते, पाणी देते. आमच्या इवायानं माझ्या हातातली काठी मागितली, खिशातून भंगारवाल्याजवळ असते तसा हुकाचा काटा काढला, अन् माझी काठी त्याले टांगली.

"बाप्पा! लय भरते हो," तो म्हणाला. "इतकं वजन घेऊन तुमी चालता कसे?"

मी तं हबकूनच गेलो. मुलाचा बाप मी. शेंदूरजनाघाटले आमचे संत्र्याचे बगीचे. आमच्या खळ्यावर संत्र्याचं वजन होते, आमचं कोणी करत नाही. उठून चालतं व्हावं असंच मनात आलं. पण तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली अन् आमच्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, मागून माझा सदरा असा ओढला की बसूनच राहावं लागलं.

असे मनोहरराव आमचे इवाई झाले. पुण्याकडं व्याही म्हणतात, आमच्या वऱ्हाडात इवाई.

अकोल्यात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. जन्मभर लोकाईच्या नाकावर चष्मे बसवले. आता दुकान पुतण्या पाहते. बायको आधीच गेलेली, पोरगी एकुलती एक, ते आमची सून वैशाली. जन्मभराच्या धंद्यातून हा माणूस एकच गोष्ट शिकला, की चष्मा हलका पाहिजे. "नाकाले समजलं नाई पायजे!" हे त्याचं वाक्य. चष्म्यापुरतं ठेवलं असतं तं मी काही म्हटलं नसतं. पण त्यानं हे नाक साऱ्या संसाराले लावलं.

दात घासायच्या ब्रशची दांडी त्यानं अर्धी कापली होती. चपलेले बारीक बारीक भोकं पाडले होते. लग्नपत्रिका इतक्या पातळ कागदावर छापली, की आमच्या बुढीनं कुंकवाचं बोट लावलं अन् बोट पलीकडून बाहेर आलं. मानाची टोपी-टावेल दिली तं आधी काट्याले टांगून दाखवली. "पाहा इवाईसाहेब, डोक्याले समजनार नाई असी टोपी हाय." खरंच समजली नाही. मांडवातून हवेनं उडाली ते मले वरात निघाल्यावर कळलं.

अन् एक गोष्ट तं मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्यांदा आमच्या घरी अमरावतीले आला, तं जातानी मी त्याले घरच्या संत्र्यांची पिशवी दिली. हा माणूस पायरीवर बसला अन् सारे संत्रे सोलून सालं मले परत दिली.

"सालीचं वजन गाडीत काहून न्या?" म्हणे.

चार पिढ्या संत्र्यात गेल्या आमच्या. संत्रं सोलून गावाले नेणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

एका गोष्टीत मात्र माणूस जुन्या वळणाचा होता. पोरीले लेकरू होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, हे तो पाळे. ब्रशची दांडी कापणारा माणूस भरलेली पाण्याची बाटली घेऊन येई. आमच्या ओसरीवर बसून आपलंच पाणी पिई. चहा पुढं केला की हात जोडे. मले ते पसंत होतं. आजकाल कोण पाळते?

आता सायकलीकडं येतो.

वैशालीची नोकरी अकोल्यात, एका सरकारी कचेरीत. लग्नानंतर ते अमरावतीहून जाणं-येणं करू लागली. घरून ऑटोनं बडनेरा, तिथून रेल्वेगाडीनं अकोला, मग पुन्हा ऑटोनं कचेरी. संध्याकाळी हेच सारं उलटं. मी मनात म्हणे, चला, पोरगी रोज बापाच्या गावात जाते, इवायाले काय कमी आहे?

अन् एका रविवारी इवाई आला तो खांद्यावर मोठी पिशवी घेऊन. सोफ्याच्या जुन्या कव्हराची शिवलेली. मले वाटलं हार्मोनियम आहे. त्यानं ओसरीवर चेन उघडली, आतून नळ्या अन् दोन बुटकी चाकं काढली, इकडं ओढलं, तिकडं दाबलं, अन् उभी झाली सायकल! बटन दाबलं तं मागच्या चाकातून घुंईऽऽ आवाज. बॅटरीवर चाले.

"चष्मा घडी होऊन खिशात जाते," इवाई म्हणाला, "तं सायकल काहून नाई? वैशू हे घेऊन गाडीत चढन. अकोल्यात उतरली का उघडली अन् चालली. ऑटो भराची वाट पाहाचं काम नाई."

"अन् उचलन कोन?"

"तेच! बायमानसाले एका हातानं उचलता आली पायजे. हाताले समजलं नाई पायजे."

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. दर वेळी सायकल थोडी हलकी. कधी घंटी काढली, कधी सीटमधला स्पंज कोरून काढला. मडगार्ड काढलं तेव्हा मी म्हटलं, "आता चाकं बी काढून टाका." तं हा बुआ खरंच विचार करत बसला.

आमच्या घरात दोन पक्ष पडले. पोरगा सुधीर सायकलीच्या बाजूनं, बुढी बी. वैशाली काही बोले नाही. मी विरोधात. लोक काय म्हणतील? इतके बगीचे अन् सुनेले सायकल! मी इवायाले तोंडावर सांगितलं, "स्कूटी घेऊन देतो तिले, नवी."

"स्कूटी रेल्वेच्या डब्यात चढत नाई, इवाईसाहेब. तुमचा होकार असन तरच ते नेईन. वैशू तुमच्या शब्दाबाहेर नाई."

हे खरं होतं. होकार माझा लागणार होता. म्हणून मी म्हटलं, मी स्वतः चालवून पाहीन, मग बोलीन.

"तुमीच बसा!" इवाई खूश झाला. "तुमी भरता बी चांगले. पुरी परीक्षा होऊन जाईन."

हा टोमणा होता का तारीफ, ते मले आजही समजलं नाही. धोतर खोचलं अन् बसलो. गल्ली सारी दारात. दूधवाला कॅन खाली ठेवून उभा. बटन दाबलं, सायकल निघाली, अन् खोटं काहून बोलू, चांगली निघाली. पंधरा वर्षांच्या पोरासारखं वाटलं. मी एक हात सोडून मिशीले लावला.

तेवढ्यात ब्रेकर आला.

चष्म्याची काडी कशी बोटाच्या धक्क्यानं मिटते? इवायानं बिजागरी तशीच केली होती. जन्मभर काड्याच बसवल्या, त्याले दुसरी माहीत नव्हती. धक्का बसला तशी सायकल मिटली. पुढचं चाक मागच्या चाकाले भेटायले आलं, अन् मधात मी. आकाश खाली, जमीन वर. माझा चष्मा एकीकडं, पागोटं दुसरीकडं, अन् दूधवाला कॅनवर बसून हसून राहिला.

इवाई पळत आला. मले वाटलं हात देईन. तो सायकलजवळ बसला अन् बिजागरी पाहून ओरडला, "सपाटीवर नाई मिटली! ब्रेकरवर मिटली!" जसं काही पोरगं पास झालं.

मी धूळ झटकून उभा राहिलो. साऱ्या गल्लीसमोर सांगितलं, "मनोहरराव, हे यंतर माझ्या दारात पुन्हा आनाचं नाई. माही सून याच्यावर बसनार नाई. खतम!"

त्याचं तोंड असं उतरलं की काय सांगू. बिजागरी ओळखणारा माणूस, मिटवतानी बोट चेपलं तरी कळलं नाही त्याले. सायकल मिटवली, पिशवीत भरली, वैशालीच्या डोक्यावर हात ठेवला अन् निघाला. पाण्याची बाटली तशीच भरलेली होती.

पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी म्हटलं, बरं झालं.

पण माझ्या चष्म्याची काडी वाकडी झाली होती. सुधीर म्हणे, अमरावतीत पन्नास दुकानं आहेत. मी म्हटलं, ज्यानं मोडला त्यानंच जोडावा. वैशाली म्हणे, माझ्याजवळ द्या, मी पोचवते. तेही नाही. माझा चष्मा, मी जाईन. अन् एका सकाळी मी सुनेसंगं निघालो.

ऑटो, गाडी, गर्दी, सारं झालं. अकोल्यात उतरलो तं शेअर ऑटोवाला भरल्याशिवाय हलेना. वैशाली घडीघडी घड्याळ पाहे. शेवटी एक जाडा माणूस माझ्या मांडीवर बसल्यासारखा बसला तेव्हा ऑटो निघाला.

बऱ्याच रस्त्यानंतर एक रसवंतीचं दुकान आलं. तिथं कोपऱ्यावर एक माणूस हात वर करून उभा. वैशालीनं ऑटोतून हात बाहेर काढला अन् हलवला. ऑटो पुढं गेला. मी वाकून पाहिलं. काडी वाकडी होती तरी माणूस ओळखला.

"हा मनोहरराव नाई का?"

"हो, मामाजी. बाबाच."

"इथं काय करून रायला?"

"आपला ऑटो इथून जाते नं. रोज उभे रायतात."

"रोज? मंग तू उतरून घरी काहून नाई जात?"

"घर आतल्या गल्लीत हाय. उतरलं का दुसरा ऑटो भेटत नाई, कचेरीत लेट होते. संध्याकाळी थांबलं तं गाडी चुकते." मंग म्हणाली, "ऐतवारी येत होते ते आपल्याकडं."

मले एकदम शॉक लागल्यासारखं झालं. पोरगी रोज बापाच्या गावात जाते, अन् बापाले तिचा हात दिसते, बस्स! मी ड्रायव्हरच्या पाठीवर काठी आपटली. "थांबव बे!" त्यानं घाबरून थांबवला. वैशालीले म्हटलं, तू जा, उशीर नको करू. अन् मी मागं चालत आलो.

इवायानं मले पाहिलं तं चोरी पकडल्यासारखा झाला. "इवाईसाहेब! तुमी? मी आपला सहज... ऊस कसा आला ते पाहून रायलो होतो."

"चष्मा मोडला," मी म्हटलं. "जोडा."

घरी नेलं त्यानं. काडी सरळ केली, माझ्या कानावर बसवली, मागं सरून पाहिलं. "समजते का नाकाले?" नव्हतं समजत. मी तसं म्हटलं नाही.

समोरच्या खोलीतच सायकल उभी होती. बिजागरीले आता दाराच्या खिटीसारखी जाड खिटी. मी न विचारता बसलो, खोलीतल्या खोलीत उड्या मारल्या. मिटली नाही. खाली उतरलो, एका हातानं उचलली. संत्र्याच्या पिशवीसारखी आली वर.

पण बॅटरीचा डबा अर्धा रिकामा होता. आत लहानशी बॅटरी, खेळण्यातली असते तशी. अन् फळीवर दुसरी ठेवलेली, चांगली दांडगी.

"हे कोनाची?"

"याचीच. पयले आनली होती. वजन वाढते."

काटा टेबलावरच होता. मी जन्मभर वजनं पाहिली आहेत. आधी लहान बॅटरी टांगली, मग मोठी. फरक तीन-चार संत्र्यांचा. यासाठी कोणी बॅटरी बदलते?

"लहान किती चालते?"

"स्टेशनपासून इथवर येते."

"अन् इथून कचेरी?"

"इथं थोडी चार्जिंगले लावा लागते." त्यानं दाराकडं बोट दाखवलं. दाराजवळ, खुर्चीच्या बाजूले, नवा कोरा स्विचबोर्ड होता. खुर्चीवर धुतलेलं कव्हर. "ऑटोचा वेळ वाचते नं, त्याच्यातच होते."

"किती वेळ लागते?"

इवायानं काटा हातात घेतला, हुक पुसला, परत ठेवला.

"चहा होईपर्यंत," तो म्हणाला.

मले अजून पुरतं कळलं नव्हतं. मी विचारलं, "अन् मोठी टाकली तं?"

"मोठी टाकली तं वैशू सीधी कचेरीत जाते, इवाईसाहेब."

मी तिथंच बसलो, त्या धुतलेल्या कव्हरावर. आता कळलं. आमच्या घरचं तो पाणी पीत नाही, मग पोरीसंगं चहा प्यायचा तं आपल्याच घरी. अन् तुमची सून घटकाभर माझ्याकडं येऊ द्या, हे पोरीच्या बापानं आमच्यात मागायचं नसते. त्यानं मागितलं नव्हतं. सायकल केली होती.

"चहा टाकू का?" त्यानं विचारलं.

"टाका."

चहा लय गोड होता. पिऊन झाल्यावर मी काठी घेतली अन् दारात सांगितलं, "ऐतवारी घेऊन या. त्या ब्रेकरवरून मीच नेईन. मिटली तं तुमाले पाहून घेईन."

रविवारी नेली. दूधवाल्याले मुद्दाम थांबवलं होतं. ब्रेकरवरून जाऊन परत आलो अन् गल्ली ऐकेल असं म्हटलं, "सून उद्यापासून नेईन."

आता वैशाली रोज ते पिशवी खांद्याले लावून निघते. घरात साऱ्याईले सायकल पसंत आहे. फक्त आमचा सुधीर शिकलेला, त्याचं डोकं चालते. परवा जेवतानी म्हणाला, "बाबा, हे बॅटरी फारच लहान हाय. अर्ध्या रस्त्यात संपते. अकोल्याच्या मामाजीले सांगून मोठी टाकून घेतो. डब्यात जागा बी हाय."

वैशालीचा पोळी लाटता लाटता हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"काई गरज नाई," मी म्हटलं. "वजन वाढते."